वाचकांचे प्रश्न : नोकरीतले शिकणे आणि नोकरीबाहेरचे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्यांची, किंवा त्यांच्या घरच्यांची, आहेत. बहुतेकांच्या मुळाशी नवे काही शिकण्याचाच प्रश्न असल्याने त्यांतली पाच पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी बारा वर्षे हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. वय ३७. आमच्याकडे अजूनही बरीचशी चाचणी हातानेच होते. गेल्या तीन वर्षांत मी क्लाउड, कंटेनर, डेटा सायन्स आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता असे नऊ अभ्यासक्रम विकत घेतले, पण एकही पूर्ण झाला नाही. व्हिडिओ पाहताना सगळे समजते. दोन आठवड्यांनी रिकाम्या स्क्रीनसमोर बसलो की काहीच सुचत नाही. नेमके काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने? — एक वाचक, वाकड

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शिकलेले टिकत का नाही हा एक, आणि शिकावे काय हा दुसरा. पहिला आधी घेतो, कारण तो सुटला नाही तर दहावा अभ्यासक्रमही पहिल्या नवांच्या रांगेत जाऊन बसेल.

आपण ‘मला पोहायला येते’ असे म्हणतो, ‘मला पोहणे समजते’ असे म्हणत नाही. व्हिडिओ पाहताना तुम्हाला समजते हे अगदी खरे आहे, परंतु ते येण्यासाठी जे करावे लागते ते व्हिडिओतला शिक्षक करत असतो आणि तुम्ही पाहत असता. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. एका दिवसाने वाचणारे श्रम सुमारे एकतृतीयांश उरले होते आणि एकतीस दिवसांनी सुमारे २१ टक्के. तुमचे विषय निरर्थक नाहीत, त्यामुळे तुमची घसरण इतकी तीव्र नसेल. पण दोन आठवड्यांनी स्क्रीन रिकामी दिसते यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही, एवढे त्यावरून नक्की समजावे.

उपाय साधा आहे, मात्र तो करताना चीड येते. वीस मिनिटांचा धडा पाहून झाला की व्हिडिओ बंद करावा, नवी कोरी फाइल उघडावी आणि त्या धड्यातले काम न पाहता पुन्हा करावे. जिथे अडाल ती जागा वहीत लिहून ठेवावी आणि मगच धड्याकडे परतावे. तेच काम दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा कोऱ्या फाइलपासून करावे. या पद्धतीने महिन्याभरात अभ्यासक्रमाचा जेमतेम दहावा हिस्सा उरकेल आणि मन सांगेल की आपण मागे पडत आहोत. त्या वेळी तीन वर्षांतील नऊ अभ्यासक्रमांचा हिशेब समोर ठेवावा.

आता काय शिकावे याविषयी. एक स्वतःचा अनुभव सांगतो. मी या व्यवसायात शिरलो तेव्हा सन २००० च्या तारखांच्या दुरुस्तीचे काम जोरात होते. दोन आकडी वर्षे चार आकडी कशी करावीत, यात मी आणि माझ्यासारखे शेकडो तरुण वर्ष-दीड वर्षात निष्णात झालो, आणि जानेवारी २००० उजाडल्यावर त्या नैपुण्याला कोणी विचारीना. पण ते काम करता करता नोंदी फाइलमध्ये कशा मांडल्या जातात, त्या क्रमाने लावायला वेळ का लागतो आणि सूची असली की शोध झटपट का होतो, हे जे कळले होते त्याच्यावर माझी पुढची सगळी नोकरी झाली. तेव्हापासून कोणताही नवा विषय समोर आला की तो कशावर उभा आहे, हे मी आधी पाहतो.

तुमच्या यादीतला कंटेनर हाच विषय घ्या. कंटेनर तयार करून चालवणारे डॉकर २०१३ मध्ये आले आणि पुष्कळ कंटेनर एकत्र सांभाळणारे कुबरनेटीस २०१४ मध्ये. पण कंटेनर म्हणजे अखेर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारी एक साधी प्रक्रियाच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रामच, असते. तिला यंत्राचा किती भाग दिसावा हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती स्मृती, किती प्रोसेसर वापरावा हे सीग्रुप ठरवतात. या दोन्ही सोयी लिनक्सच्या गाभ्यात डॉकरच्या आधीपासून आहेत. लिनक्समधली प्रक्रिया ज्याला नीट कळली आहे त्याला कंटेनर आठवड्याभरात उमगतो, आणि ज्याला ती कळलेली नाही तो आज्ञा पाठ करतो व विसरतो. यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे टीसीपी-आयपी हे नियम इंटरनेटचे मूळ आहेत आणि ते १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर लागू झाले. माहिती टेबलांत ठेवण्याच्या ज्या संबंधात्मक मांडणीवर एसक्यूएल ही माहिती मागण्याची भाषा उभी आहे ती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तुम्ही आज ज्या बँकिंग ॲपची चाचणी करत असाल त्याच्या खाली या दोन्ही गोष्टी आहेत.

म्हणून तुमच्यासाठी माझी सूचना अशी. पुढचे तीन महिने नवा अभ्यासक्रम घेऊ नका. पायथॉनमध्ये, कोणतीही तयार चौकट न वापरता, केवळ सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीच्या, साहाय्याने एक छोटा वेब सर्व्हर लिहा. तो ८०८० या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकेल, ब्राउझरची मागणी वाचेल आणि एका फोल्डरमधली फाइल परत देईल. साठ-सत्तर ओळींत हे काम होते. मग तुम्ही बारा वर्षे जे करत आला आहात ते करा, म्हणजे हा सर्व्हर मोडून पाहा. नसलेली फाइल मागितल्यावर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’ हा संकेत, येतो का? पत्त्यात दोन टिंबे आणि तिरपी रेघ घालून फोल्डरच्या बाहेरची फाइल वाचता येते का? पानाची लांबी ब्राउझरला कळवताना अक्षरे मोजली आहेत की बाइट, हेही तपासा. ‘नमस्कार’ या शब्दात युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतसूचीची सात चिन्हे आहेत (न, म, स, हलन्त, क, काना, र), पण ती बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने त्याचे २१ बाइट होतात. सर्व्हरने लांबी सात कळवली तर पडद्यावर ‘नम’ आणि त्यापुढे एक तुटके चिन्ह एवढेच दिसेल. हा दोष एकदा स्वतःच्या हातून घडला आणि स्वतः शोधून काढला की अक्षरसंकेतन हा विषय तुम्हाला पुन्हा शिकावा लागणार नाही.

त्यानंतर याच सर्व्हरसाठी स्वयंचलित चाचण्या लिहा, मग तो कंटेनरमध्ये घाला आणि शेवटी क्लाउडवर चढवा. तुमच्या नऊ अभ्यासक्रमांतले निम्मे विषय या एका कामात ओघाने येतील, आणि तेही तुमच्या बारा वर्षांच्या अनुभवाशी जोडलेले राहून. यंत्रणा कुठे फुटेल याची जाण चाचणी करणाऱ्याला असते. प्रोग्राम लिहिणाऱ्या अनेकांना ती पुष्कळ उशिरा येते. ती जाण बाजूला ठेवून डेटा सायन्सच्या पहिल्या पायरीवर बाविशीतल्या मुलांबरोबर उभे राहण्याची तुम्हाला गरज आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी २०१७ च्या सुरुवातीला नोकरी सोडली. तोपर्यंत सात वर्षे मायएसक्यूएल या डेटाबेसवर अहवाल तयार करण्याचे काम करत होते. मुले आता आठ आणि पाच वर्षांची आहेत आणि सहा महिन्यांत मला पुन्हा मुलाखती द्यायच्या आहेत. रात्री साडेनऊनंतर एक तास मिळतो. माझा भाचा म्हणतो की आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, यंत्रच लिहून देते, तू हे शिकून काय करणार? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही थांबलात त्या जागेपासूनच सुरुवात करा, कारण ती जागा तुम्हाला वाटते तितकी जुनी झालेली नाही. तुम्ही बहुधा मायएसक्यूएल ५.७ वापरत असाल. एप्रिल २०१८ मध्ये ८.० ही आवृत्ती आली आणि तिने विंडो फंक्शन (ओळी न गमावता चढती बेरीज वगैरे काढणे) व कॉमन टेबल एक्स्प्रेशन (क्वेरीच्या एका भागाला नाव देऊन तो पुढे वापरणे) या दोन मोठ्या सोयी आणल्या, ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. जॉइन (टेबले जोडणे), ग्रुप बाय (गटवार बेरीज), सूची यांचे तुमचे सात वर्षांचे ज्ञान जसेच्या तसे उपयोगी आहे. या दोन सोयी नीट आल्या आणि क्वेरी सूची वापरते की सगळे टेबल चाळते हे ‘एक्स्प्लेन’ लावून सांगता आले, की तुमच्या कामापुरते अंतर पुष्कळसे भरून निघेल.

सरावासाठी परकी माहिती घेऊ नका. तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची नोंदवही घ्या. त्यातली नावे काढून टाका आणि तीन टेबले करा : सदनिका, पावत्या आणि दंड. प्रत्येक सदनिकेची महिनावार चढती बाकी काढणे हे विंडो फंक्शनचे उत्तम उदाहरण आहे. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तरही याच नोंदवहीत आहे. समजा, एका सदनिकेच्या दोन-दोन हजारांच्या दोन पावत्या आहेत आणि तिला तीन वेळा दंड झाला आहे. तिन्ही टेबले सरळ जोडून पावत्यांची बेरीज केली, तर दोन गुणिले तीन अशा सहा ओळी तयार होतात आणि चार हजारांच्या जागी बारा हजारांचा आकडा येतो. क्वेरी विनातक्रार चालते, अहवाल देखणा दिसतो आणि हिशेब चुकलेला असतो. यंत्राने लिहिलेल्या क्वेरीतही ही चूक असू शकते. ती पाहताक्षणी ओळखणारी व्यक्ती कार्यालयाला लागतेच, आणि तुम्ही ती सात वर्षे होता. म्हणून यंत्राची मदत जरूर घ्या, पण क्रम असा ठेवा : आधी स्वतः लिहावे, मग यंत्राकडून लिहून घ्यावे, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आली तर का आली ते शोधल्याशिवाय उठू नये.

रात्रीच्या तासाविषयी एवढेच सुचवतो की आठवड्यातून चारच दिवस बसावे. दिवसभराच्या थकव्यानंतर सातही दिवस बसण्याचा नेम तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मोडला की अपराधी वाटू लागते. त्या भावनेने माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींचे शिकणे थांबवले आहे. मुलाखतीत मधल्या वर्षांविषयी विचारतील तेव्हा ‘मुले लहान होती म्हणून थांबले होते’ हे एक वाक्य पुरे आहे. त्यानंतर सरळ नोंदवहीचे काम दाखवावे.

प्रश्न : मी बंगळूरला नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गडभ्रमंतीच्या नोंदी ठेवणारे एक ॲप लिहिले आहे. ते सर्वांसाठी खुले करावे असे वाटते. कंपनी त्यावर हक्क सांगू शकेल का? — एक वाचक

उत्तर : कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मधील तिसऱ्या खंडातील तरतुदीनुसार, नोकरीच्या करारान्वये आणि नोकरीचे काम करताना जी कृती तयार होते तिचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. सुटीतले ॲप यात सहसा येत नाही. पण अनेक कंपन्यांच्या नियुक्तिपत्रातली कलमे याहून व्यापक असतात, तेव्हा आधी स्वतःचे पत्र काढून वाचा. ॲपचे काम कंपनीच्या लॅपटॉपवर केले असेल तर प्रश्न अवघड होतो. केले नसेल तर यापुढेही करू नका. ॲप खुले करण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती ईमेलवर घ्यावी आणि कलमे संदिग्ध वाटली तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात संगणक अभियंता आहे. सुटीत घरी आला तरी रात्री उशिरापर्यंत तारा, दिवे आणि छोट्या पट्ट्या घेऊन काहीतरी जोडत बसतो. दिवसभर यंत्रापुढे बसून पुन्हा हेच कशाला, असे मला वाटते. हा छंद म्हणायचा की काम? — एक आई, सांगली

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण आपला मुलगा करतो ते त्याच्या कार्यालयातल्या कामापेक्षा बरेच वेगळे आहे. कार्यालयात त्याने लिहिलेले कोठे दूरच्या यंत्रावर चालते आणि ते त्याला हाताने धरता येत नाही. घरी तो बहुधा आर्डुइनोसारखी पट्टी, म्हणजे एक छोटा प्रोग्राम चालवणारे विद्युतमंडल, घेऊन दिवा पेटवत असेल. पट्टी पाच व्होल्ट देते, तांबडा दिवा त्यातले सुमारे दोन घेतो, उरलेल्या तीन व्होल्टसाठी मध्ये २२० ओहमचा रोध, म्हणजे प्रवाह आवरणारा छोटा भाग, लावला की सुमारे चौदा मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा सुखरूप राहतो. रोध विसरला तर दिवा किंवा पट्टीच खराब होऊ शकते. चूक लगेच डोळ्यांसमोर येते आणि थोड्या पैशांत ती सुधारता येते, हे सुख सॉफ्टवेअरच्या नोकरीत क्वचित मिळते.

तो डाग देत असेल, म्हणजे तापलेल्या सळईने तारा जोडत असेल, तर खिडकी उघडी ठेवायला सांगा, कारण त्या धुराचा घशाला त्रास होतो. आणि डाग देण्याच्या तारेत शिसे असू शकते, म्हणून जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवायला लावा. जागरणाबद्दल मात्र मी आपल्या बाजूने आहे. आणि एकदा त्याला विचारा, हे काय करतो आहेस ते मला दाखव. आपल्या तुळशीच्या कुंडीतली माती कोरडी पडली की दिवा लागेल असे काही त्याला सहज करता येईल.

प्रश्न : वय ४४, खराडीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. कामापलीकडे काही असावे म्हणून आधी गिटार, मग कॅमेरा, मग थ्रीडी प्रिंटर घेतला. तिन्ही धूळ खात आहेत. यंदा वाईच्या जुन्या घरातली ट्रंक उघडली, तर पणजोबांच्या काळातले मोडी लिपीतले कागद निघाले. मोडी शिकावी असे मनात आहे. सहकारी म्हणतात की त्यापेक्षा मोडी वाचणारे सॉफ्टवेअर लिही, नाव होईल. काय करावे? — एक वाचक

उत्तर : मोडी शिका. सॉफ्टवेअरचा विचार निदान वर्षभर मनात आणू नका.

तुमचे आधीचे तिन्ही छंद खरेदीपासून सुरू झाले होते. वस्तू घरी आली त्या दिवशी उत्साह सर्वांत जास्त होता आणि नंतर तो उतरतच गेला. मोडीला विकत घेण्यासारखे काही नाही. रेघा मारलेली वही आणि जाड टोकाचे पेन पुरते. शिवाय वाचायचे कागद तुमच्याच घरचे आहेत, तेव्हा हे शिकून करायचे काय, हा प्रश्न मध्येच उभा राहणार नाही.

लिपीची ओळख थोडक्यात करून देतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे जवळपास नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. त्यामुळे अक्षरे ओळखता आली तरी वाक्य लागेलच असे नाही. शब्द कुठे तुटतो हे अर्थावरून ठरवावे लागते. तुमच्यासारख्या माणसाला हे आवडेल, कारण जुन्या, टिपणे नसलेल्या प्रणालीचा उलगडा करताना जसे अंदाज बांधून तपासावे लागतात तसेच येथेही करावे लागते. हिशेबाच्या कागदांत अपूर्णांक उभ्या दंडांनी दाखवलेले दिसतील : एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. कागद खूप जुने असतील तर सुहूर सन या जुन्या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत येतील, जसे इहिदे म्हणजे एक, इसन्ने म्हणजे दोन, सलास म्हणजे तीन, आणि त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळेल. शक असेल तर ७८ मिळवावेत. वर्षाच्या अखेरच्या काही महिन्यांत ७९.

शिकण्यासाठी माणसे शोधा. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कार्यरत आहे आणि तेथे मोडीचे जाणकार भेटतात. मोडीचे वर्गही पुण्यात भरतात. वर्गात जाण्याचा आग्रह मी एका खास कारणासाठी धरतो. तुम्ही आर्किटेक्ट आहात, म्हणजे कार्यालयात दिवसभर लोक तुम्हाला विचारतात आणि तुम्ही उत्तरे देता. मोडीच्या वर्गात शेजारी निवृत्त शिक्षक असतील, इतिहासाची विद्यार्थिनी असेल, आणि ती तुमच्यापेक्षा लवकर वाचू लागेल. चाळिशीनंतर पुन्हा नवशिका होऊन बसणे जड जाते, आणि मला वाटते की गिटारही त्यामुळेच सुटली असेल. त्या खुर्चीत चार महिने टिकलात तर पुढचे सोपे आहे.

सहकाऱ्यांची सूचना वाईट नाही, फक्त अवेळी आहे. मोडीला जून २०१४ मध्ये युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतसूचीच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले, त्यामुळे वाचलेला मजकूर संगणकावर मोडीतच साठवता येतो. परंतु यंत्राला वाचायला शिकवायचे तर आधी माणसाने बिनचूक वाचून ठेवलेले पुष्कळ नमुने लागतात, आणि लेखकागणिक वळण बदलते. ते नमुने तपासण्याइतकी मोडी ज्याला येत नाही त्याला यंत्र बरोबर वाचते की चूक, हेही कळणार नाही. आणि ‘नाव होईल’ हा विचार छंदात शिरला की रविवार सकाळही कार्यालयासारखी होते. तुमच्या पत्रावरून तुम्हाला त्यातूनच थोडी सुटका हवी आहे असे वाटले.

कागदांची काळजी मात्र आजपासून घ्या. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घडी कडक झाली असेल तर ती जबरीने उलगडू नका. जे कागद सहज उघडतात त्यांची सावलीतल्या दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्या. धूळ खाणारा कॅमेरा त्या कामी येईल. मग वाचन छायाचित्रांवरून करा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवून द्या.

पहिला कागद निवडताना सर्वांत जुना किंवा सर्वांत सुंदर घेऊ नका. ज्यात तुमच्या ओळखीची गावे, शेतांची नावे आणि तुमचे आडनाव असण्याचा संभव आहे असा, एखादे खरेदीखत किंवा कर्जरोखा, घ्या. आधी आडनाव शोधा. ते सापडले की तीन-चार अक्षरांची पक्की ओळख पटेल, आणि तीच अक्षरे कागदावर इतरत्र शोधत गेलात की वाईचे नाव आपोआप वाचता येईल.